कंदिलांच्या मागावर: असाकुसा ते गिफू

जुलैच्या ९ आणि १० तारखेला टोकियोच्या असाकुसा भागात, सेन्सोजी मंदिराच्या आवारात, एका झाडाचा बाजार भरतो. झाड गुडघ्याएवढं, कुंडीत लावलेलं. फांदीच्या पेरापेराला एकेक कंदील लोंबत असतो. खालचे नारिंगी-लाल, मधले पिवळट, शेंड्याकडचे अजून हिरवे. बांबूच्या ताट्या बांधून उभारलेली शंभराच्या आसपास दुकानं आणि प्रत्येक कुंडीला टांगलेली काचेची छोटी घंटा. वारा आला की सगळं आवार किणकिणतं. जुलैतल्या टोकियोची दमट हवा आपल्या मुंबईच्या ऑक्टोबरची आठवण करून देते, त्यामुळे वारा आलेला प्रत्येकालाच हवा असतो.

या झाडाला जपानी लोक होझुकी म्हणतात. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत आणि बियांच्या पाकिटांवर त्याचं नाव आहे ‘चायनीज लँटर्न’. चिनी कंदिलाचं नाव मिरवणारं हे झाड मला त्याच्या गर्दीच्या दिवशी पाहायचं होतं. शिवाय ज्या कागदी कंदिलावरून हे नाव पडलं, तो कसा बांधतात, त्याची घडी कशी होते आणि त्याच्या नावावर आणखी काय काय चालतं, हेही बघायचं होतं. असाकुसापासून पश्चिमेकडे योकोहामा, ओदावारा आणि शेवटी गिफू अशी रेल्वेची सरळ वाट आहे. त्या वाटेनं निघालं की हे सगळं भेटत जातं.

आधी बाजाराबद्दल. १० जुलैला सेन्सोजीत कान्नोनचं, म्हणजे अवलोकितेश्वराचं, दर्शन घेतलं तर ४६,००० दिवसांच्या दर्शनाचं पुण्य लागतं अशी श्रद्धा आहे. हिशेब केला तर ती १२६ वर्षं होतात. आषाढी एकादशीचं माहात्म्य ऐकत वाढलेल्या माणसाला हा हिशेब मुळीच परका वाटत नाही. पहिला नंबर लावायला लोक आदल्या दिवशीच येऊ लागले, म्हणून ९ तारीखही बाजाराची झाली. होझुकी विकण्याची प्रथा मात्र मूळची शहराच्या दुसऱ्या भागातल्या आतागो देवस्थानातली. तिथे जूनच्या जत्रेत विकली जाणारी होझुकी लहान, हिरव्या फळांची होती. ते फळ पाण्याबरोबर गिळलं की लहान मुलांची किरकिर आणि मोठ्यांची पोटदुखी जाते असं लोक मानत. पुढे मोठ्या लाल कंदिलांची जात आली आणि असाकुसाच्या बाजारानं मूळ ठिकाणाला मागे टाकलं.

ती हिरवी होझुकी आपल्या ओळखीतली आहे. पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या बांधांवर उगवणारी रानपोपटी तिच्याच कुळातली. हिवाळ्यात बाजारात कागदी वेष्टनासकट मिळणारी रसभरी हीसुद्धा त्यांची जवळची बहीण. वांगी, टोमॅटो, मिरची ही या घराण्यातली दूरची मंडळी. असाकुसाच्या लाल होझुकीचं फळ मात्र रसभरीसारखं तोंडात टाकायचं नसतं. कच्चं फळ आणि पानं विषारी असतात. हे झाड बघण्यासाठी वाढवतात.

कंदील म्हणून जे दिसतं ते फळ नव्हे आणि पाकळ्याही नव्हेत. तो निदलपुंज आहे, म्हणजे कळीच्या तळाशी असतो तो हिरवा पेला. बहुतेक झाडांत फळ धरलं की त्याचं काम संपतं. वांग्याच्या देठाशी त्याची काटेरी टोपी तेवढी उरते. होझुकीत फलधारणा झाल्यावर तो वाढायला लागतो, फुगतो आणि आतल्या फळाभोवती पूर्ण मिटतो. जर्मनीतल्या कोलोनच्या संशोधकांनी २००५ मध्ये होझुकीच्या एका भावंडावर काम करून यामागचं एक कारण सुचवलं. एरवी पानांत आणि खोडात चालणारा एक जनुक या कुळात फुलातही जागा होतो आणि निदलपुंजाला वाढत राहायला लावतो, असं त्यांचं म्हणणं. मला याहून थक्क करणारी वाटते ती २०१७ मध्ये जाहीर झालेली गोष्ट. अर्जेंटिनाच्या पाटागोनियात एका प्राचीन तळ्याच्या गाळात अशाच फुगलेल्या निदलपुंजाचे जीवाश्म सापडले. त्यांचं वय ५ कोटी २० लाख वर्षं. चीनमध्ये बांबू आणि कागदाचा पहिला कंदील बांधला गेला, त्याच्या केवढ्या तरी आधी निसर्गात हा आकार रुळलेला होता.

एका ताटीमागे बसलेल्या आजीबाईंनी पिकलेला कंदील सोलून आतलं लाल फळ काढलं, अंगठ्यानं हळूहळू मऊ केलं, देठाच्या भोकातून बी आणि गर बाहेर काढला आणि उरलेली साल जिभेवर ठेवून दाबली. बेडकासारखा आवाज आला. जपानमधल्या कितीतरी पिढ्यांतल्या मुली हा खेळ खेळल्या आहेत. साल फाटू न देता बी काढायची हे कौशल्य. मी दिलेल्या फळाची साल त्यांनी पुन्हा तशीच अखंड काढून दाखवली. कुंडीची किंमत अडीच-तीन हजार येन होती आणि बरेच लोक ती ऑगस्टमधल्या ओबोनसाठी नेत होते. ओबोन म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस. त्यांना वाट दिसावी म्हणून दारात कंदील लावतात आणि वेदीवर होझुकीचे कंदील ठेवतात. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढून वाट पाहायची रीत आहे. तिथे उजेड दाखवून बोलावतात.

याच दिवसांत मंदिरात विजेपासून रक्षण करणारा ताईत मिळतो. त्याआधी बाजारात लाल मक्याची कणसं विकत. वीज पडली तेव्हा लाल मका टांगलेलं शेतकऱ्याचं घर वाचलं, अशी समजूत होती. मेइजी सम्राटाच्या काळात एकदा मक्याचं पीक बुडालं, लोक हवालदिल झाले, म्हणून देवळानं कागदी ताईत द्यायला सुरुवात केली. विजेची भीती या देवळाच्या दारातच आहे. प्रवेशद्वाराचं नाव कामिनारिमोन, गडगडाटाचं दार. एका बाजूला वायुदेव, दुसऱ्या बाजूला मेघगर्जनेचा देव आणि मधोमध तो सुप्रसिद्ध लाल कंदील: ३.९ मीटर उंच, ३.३ मीटर रुंद, वजन ७०० किलोच्या आसपास. हे दार १८६५ मध्ये आगीत गेलं आणि ९५ वर्षं उभंच राहिलं नाही. १९६० मध्ये ते पुन्हा बांधलं ते कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून. पॅनासॉनिकचे हे संस्थापक दुखण्यातून बरे झाले, तेव्हा देवाचे उपकार फेडण्यासाठी त्यांनी दार आणि कंदील दिला. विजेच्या दिव्यांवर उद्योग उभा केलेल्या माणसानं देवाला कागदाचा कंदील द्यावा, हे मला फार आवडलं. साधारण दर दहा वर्षांनी तो क्योतोच्या कारागिरांकडून नव्यानं बांधून घेतात. वादळाचा इशारा आला किंवा मे महिन्यातल्या सांजा उत्सवात पालख्या दाराखालून न्यायच्या असल्या की हा अवाढव्य कंदील वर ओढून घडी करतात. गर्दीतले लोक समोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. थोडं थांबून त्याच्या खाली जावं आणि मान वर करावी. तळाच्या लाकडी चकतीवर ड्रॅगन कोरलेला आहे.

योकोहामाला पोचायला तासभरही पुरतो. १८५९ मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, तेव्हा युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर चिनी दुभाषे, कारकून आणि स्वयंपाकी आले. त्यांची वस्ती म्हणजे आजचं चायनाटाउन, जपानमधलं सर्वांत मोठं. इथल्या रस्त्यांवर टांगलेला कंदील असाकुसाच्या कंदिलापेक्षा वेगळा आहे आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. चिनी कंदील गोल, थोडा चपटा, खाली सोनेरी झुबका. त्याच्या काड्या बहुधा उभ्या असतात. मधल्या अक्षाभोवती त्या उघडतात आणि मिटतात. फुजियान आणि तैवानकडच्या जुन्या पद्धतीत बारीक बांबूच्या काड्या तिरप्या विणून जाळी करतात, तिच्यावर पातळ कापड आणि कागद खळीनं चिकटवतात, वर अक्षरं आणि चित्रं रंगवून तेलाचा हात देतात. असा कंदील वाऱ्यापावसात टिकतो, पण सहसा मिटत नाही. जपानी कंदिलात, म्हणजे चोचिनमध्ये, काड्या आडव्या असतात, म्हणून तो वरून खाली दबतो. कंदील जपानमध्ये चीनमधूनच बौद्ध धर्माबरोबर आला. सुरुवातीचा कंदील म्हणजे कागद चढवलेली टोपलीच होती. घडीचा कंदील सोळाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. देशात मेणबत्त्या मुबलक होईपर्यंत तो श्रीमंतांच्या आणि देवळांच्याच दारात राहिला.

चायनाटाउनमध्ये कान्तेईब्यो हे चीनमधल्या ‘तीन राज्यांच्या’ काळातल्या ग्वान यू या वीराचं देऊळ आहे. शब्दाला जागणारा म्हणून व्यापाऱ्यांनी त्याला आपला देव केलं. त्याच्याच पक्षाचा मुत्सद्दी जूगे लियांग, दुसरं नाव खोंगमिंग. शत्रूनं वेढा दिला तेव्हा त्यानं गरम हवेवर उडणारा कंदील सोडून मदत मागितली अशी कथा आहे आणि म्हणून उडत्या कंदिलाला चीन-तैवानमध्ये खोंगमिंग कंदील म्हणतात. हाच कंदील पाश्चात्त्य देशांत ‘चायनीज लँटर्न’ या नावानं लग्नांत आणि नववर्षाला उडू लागला. त्याबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे. ३० जून २०१३ च्या रात्री इंग्लंडमध्ये स्मेदिकच्या प्लास्टिक साठ्यावर असा एक कंदील उतरला. त्या आगीशी झुंजायला २०० हून अधिक अग्निशामक लागले. २०२० च्या नववर्षाच्या रात्री जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात वानरांचं घर जळलं, तीसहून अधिक प्राणी मेले. त्या राज्यात उडत्या कंदिलांवर २००९ पासून बंदी होती, तरी कुणीतरी ते सोडलेच. मुंबईतही पोलीस दिवाळीच्या आसपास उडत्या कंदिलांच्या विक्रीवर आणि वापरावर बंदीचे आदेश काढत आले आहेत आणि तरीही आकाशात ते दिसतात. कंदिलाची सगळी कारागिरी ज्योतीला जागच्या जागी सांभाळण्यासाठी आहे. पेटती ज्योत वाऱ्याच्या हवाली करणारी वस्तू या कारागिरीची नातेवाईक मानायला माझं मन तयार होत नाही.

रात्री साकुरागिचो स्थानकापलीकडच्या नोगे भागात गेलो. अरुंद गल्ल्या, सात-आठ माणसांची बसायची सोय, कोळशावर भाजलेल्या कोंबडीचा धूर. प्रत्येक दारात लाल कंदील, म्हणजे आकाचोचिन. अशा स्वस्त, घरगुती खानावळवजा दारूच्या दुकानालाच जपानीत आकाचोचिन म्हणतात. कंदील पेटला की दुकान उघडं, विझला की बंद. पाटी वाचता न येणाऱ्या परदेशी माणसालाही एवढं समजतं. हल्ली यातले कितीतरी कंदील प्लास्टिकचे आणि आतला दिवा एलईडीचा. पावसात राहायचं तर तेही खरंच.

ओदावारा हे प्रवासातलं माझं सर्वांत आवडतं ठिकाण ठरलं, आणि पर्यटक तिथे फार थांबत नाहीत. एदो म्हणजे जुन्या टोकियोपासून क्योतोला जाणारा तोकाइदो रस्ता इथून हाकोनेच्या घाटात चढायचा. घाटात धुकं, पाऊस, काळोख. अठराव्या शतकात इथल्या जिन्झाएमोन नावाच्या कारागिरानं वाटसरूंसाठी एक कंदील बनवला. दंडगोल आकाराचा, वर-खाली लाकडी झाकण. मिटला की कागदाचा सगळा भाग झाकणांत मावतो आणि कंदील कमरेला अडकवता येतो. दाबला की हार्मोनियमच्या भात्यासारखा मिटतो, ओढला की उघडतो.

ओदावाराचे लोक या कंदिलाचे तीन गुण सांगतात. पहिला, बांबूच्या काड्या गोल न ठेवता चपट्या तासलेल्या, त्यामुळे कागद चिकटायला जागा जास्त आणि धुक्या-पावसात तो सुटत नाही. दुसरा, एकच लांब काडी गुंडाळण्याऐवजी सुटी कडी वापरलेली. बांधणी सोपी, किंमत कमी, आणि एक कडं मोडलं तर तेवढंच बदलता येतं. तिसरा, झाकणाचं लाकूड जवळच्या दाइयूझान साइजोजी या देवस्थानाच्या राईतलं, त्यामुळे घाटातली भुतंखेतं वाटसरूला शिवत नाहीत. मला दुसरा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. दुरुस्त करता येईल अशी वस्तू गरिबाच्या हातात देणं ही कारागिराची मोठी बुद्धी आहे. ओदावारा स्थानकात तिकीट-फाटकांच्या वर या कंदिलाची भलीमोठी प्रतिकृती टांगलेली आहे आणि फलाटावर गाडी सुटताना वाजते ती धून एका जुन्या बालगीताची. माकडं पालखी वाहून नेताहेत आणि दांडीला ओदावाराचा कंदील लटकतोय, असं ते गाणं. चढणाऱ्या प्रवाशांपैकी वयस्क माणसं ती धून ओठांतल्या ओठांत म्हणताना दिसली.

शहराच्या दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की सागामी उपसागर लागतो. इथला समुद्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो. त्या खोलात चोचिन-आन्को नावाचा मासा राहतो, कंदीलवाला मासा. कपाळातून निघालेल्या काडीच्या टोकाला दिवा, त्या दिव्यात उजेड देणारे जिवाणू, त्या उजेडाला भुलून भक्ष्य जवळ येतं. दिवा फक्त मादीला असतो. जपानी माशाच्या शास्त्रीय नावातही सागामीचं नाव आहे. १९६७ मध्ये कामाकुराच्या वाळूवर एक मादी जिवंत सापडली आणि एनोशिमाच्या मत्स्यालयात आठ दिवस जगली. एवढ्या खोल पाण्यातला जीव माणसाच्या नजरेसमोर इतके दिवस जगणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. किनाऱ्यावरून यातलं काही दिसत नाही. करड्या वाळूवर लाटा तेवढ्या येतात.

नागोयापर्यंत शिनकान्सेन ही बुलेट ट्रेन आणि तिथून वीसेक मिनिटांत गिफू. नागारा नदीचं पाणी, मिनो भागाचा कागद आणि डोंगरातला बांबू, या तिन्हींच्या संगतीनं इथला कंदिलांचा धंदा वाढला. मिनोच्या अस्सल हातकागदाची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. गिफूचा कंदील ओबोनचा: अंड्याच्या आकाराचा, पातळ कागदावर शरद ऋतूतली रानफुलं आणि गवत, इतक्या फिक्या रंगांत की दिवा लावल्याशिवाय नीट दिसत नाहीत.

बांधणी पाहायला मिळाली. चंद्रकोरीच्या आकाराच्या लाकडी पट्ट्या दोन चकत्यांत बसवून आधी साचा उभा करतात. पट्ट्यांच्या कडेला खाचा असतात. त्या खाचांतून केसाएवढी बारीक बांबूची काडी वरपासून खालपर्यंत गुंडाळत आणतात. संपली की दुसरी जोडतात. मग दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक फाकेवर खळ लावून कागद चिकटवतात. शेजारच्या दोन कागदांचा जोड जेमतेम मिलिमीटरभर, बाकीचा पात्यानं कापून टाकायचा. जोड जाड झाला तर दिवा लागल्यावर त्याची काळी रेघ दिसते. वाळलं की साचा आतल्या आत सुटा करून एकेक पट्टी तोंडातून बाहेर काढतात. आत काही उरत नाही आणि कंदील उभा राहतो. ते काम करणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही, आणि बोलून त्यांचा हात थांबवावा असं मलाही वाटलं नाही.

१९५१ मध्ये शिल्पकार इसामू नोगुची हिरोशिमाच्या पुलांच्या कामासाठी जाताना गिफूला थांबले. त्यांचे वडील योने नोगुची हे जपानी कवी. जपानच्या चीनवरील आक्रमणावरून १९३८ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांशी त्यांचा जो जाहीर पत्रवाद झाला तो अनेकांना माहीत असेल. इसामूंची आई अमेरिकन, जन्म लॉस एंजलिसचा. गिफूच्या नगराध्यक्षांनी त्यांना मंदावलेल्या कंदील-धंद्यासाठी काही करायची विनंती केली. नोगुचींनी चित्रं काढून टाकली, अक्षरं काढून टाकली, आत विजेचा दिवा ठेवला आणि कागद, बांबू आणि उजेड एवढ्यांतून शिल्पं घडवली. त्यांना त्यांनी ‘आकारी’ म्हटलं. शंभराहून जास्त नमुने झाले आणि १८९१ पासून कंदील करणाऱ्या ओझेकी या इथल्याच पेढीत ते अजून हातानं बनतात. त्यांच्या जगभर नकला निघाल्या. पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळणारा तो स्वस्त, पांढरा, गोल कागदी दिवा, ज्याला सगळे ‘चायनीज पेपर लँटर्न’ म्हणतात, त्याची वंशावळ या नागारा नदीकाठी येऊन मिळते. मला वाटतं, चिनी कंदिलाच्या नावाखाली चाललेल्या वस्तूंत सर्वांत सुंदर हीच आहे.

तेव्हा नोगुचींनी पाहिलं ते नदीतलं दृश्य आजही ११ मे ते १५ ऑक्टोबर दिसतं. लाकडी होड्यांच्या तोंडाशी लोखंडी टोपलीत जळता जाळ, त्या उजेडात दोऱ्या बांधलेले पाणकावळे मासे पकडतात. प्रेक्षकांच्या होड्यांवर कागदी कंदील लावलेले असतात. तेराशे वर्षांची परंपरा असलेले हे मच्छीमार आज राजघराण्याच्या सेवेत गणले जातात.

घरी परतल्यावर याच नावाची आणखी दोन झाडं शोधायची आहेत. आपल्या दख्खनच्या माळरानावरची दुरंगी बाभूळ, जिचा तुरा वरून गुलाबी आणि खालून पिवळा असा लोंबतो, तिलाही इंग्रजीत चायनीज लँटर्न ट्री म्हणतात. आपल्या रोपवाटिकांत याच नावानं विकलं जाणारं, घंटेसारख्या लोंबत्या फुलांचं झुडूप बांधावरच्या मुद्रेचं, म्हणजे पेटारीचं, भावंड आहे. दोघींची ओळख मराठी नावांनी सांगितली तरी पुरे.

ज्यांना जायचं आहे त्यांनी जुलैची ९ आणि १० तारीख गाठावी आणि असाकुसाला सकाळी आठच्या आत पोचावं. दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाहीत. ओदावाराला कंदील बांधायला शिकवणारे वर्ग असतात, तिथे दोन तास द्या. घडीचा कंदील सामानात सहज मावतो, तो जरूर आणा. होझुकीची कुंडी किंवा बी मात्र आणू नका. वनस्पती आणि बियाणं देशात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम आपल्या शेतांसाठीच आहे.